बाळाच्या जुन्या दूधबाटल्यांचं काय करायचं? इतिहास काय सांगतो

"डॉक्टर, मोठ्याच्या वेळच्या बाटल्या माळ्यावर जपून ठेवल्यात. धाकटीला चालतील ना?" "नणंदेने तिच्या बाळाचा अख्खा सेट दिलाय, फक्त निपल बदललं की झालं, असं म्हणते." "घरकाम करणाऱ्या मावशींच्या सुनेला नुकतंच बाळ झालंय, आमच्या बाटल्या त्यांना देऊन टाकू का?" बाळ वर्षाचं होत आलं की असे प्रश्न दवाखान्यात हमखास येतात. आपल्याकडे वस्तू फेकवत नाही, आणि ही सवय चांगलीच आहे. कपडे, पाळणा, दुपटी, खेळणी एका बाळाकडून दुसऱ्याकडे जावीत, त्यात आपुलकीही असते.

दूधबाटली, निपल, चोखणी, दूध काढायचा पंप या वस्तूंचं मात्र तसं नाही. बाळाच्या तोंडात जाणारी वस्तू पुन्हा कधी वापरायची आणि कधी टाकायची, हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडलेला आहे. त्याची चुकीची उत्तरं दिली गेली तेव्हा त्याची किंमत बाळांनी मोजली. म्हणून आज नुसती "हे करा, ते करू नका" अशी यादी न देता, आधी थोडा इतिहास सांगतो. तो कळला की यादी पाठ करावी लागणार नाही.

मातीची चंबू आणि आपलं बोंडलं

जर्मनीतल्या बव्हेरिया भागात लहान मुलांच्या प्राचीन थडग्यांमध्ये तोटी असलेली छोटी मातीची भांडी सापडली आहेत. ती इसवी सनापूर्वी साधारण १२०० ते ४५० या काळातली. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा तीन भांड्यांच्या आतल्या पृष्ठभागात मुरलेल्या स्निग्ध पदार्थांची तपासणी केली आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या भांड्यांत प्राण्यांचं दूध होतं. म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीही बाळांना वरचं दूध तोटीच्या भांड्यातून पाजलं जात होतं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: मातीत मुरलेलं दूध तीन हजार वर्षांनीही ओळखता आलं! सच्छिद्र भांडं वरून कितीही धुतलं तरी आत काय राहतं, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता?

आपल्याकडे या कामासाठी बोंडलं होतं. चांदीचं, पितळेचं, नंतर स्टीलचं. उथळ वाटीसारखं, पुढे चोचीसारखी पन्हळ. तमिळनाडूत त्याला पालाडै म्हणतात, बंगालमध्ये झिनुक. आजही नवजात शिशू विभागात, ज्या बाळाला अजून नीट ओढता येत नाही त्याला आईचं काढलेलं दूध बोंडल्याने किंवा छोट्या वाटीने पाजतात. यामागे जुन्याची हौस नाही. बोंडलं पूर्ण उघडं असतं. त्याचा प्रत्येक कोपरा डोळ्यांना दिसतो आणि बोटाने घासता येतो. स्टीलचं असेल तर दहा मिनिटं उकळलं तरी त्याला काही होत नाही.

युरोपात मात्र भांडी बंदिस्त होत गेली. लंडनचे डॉक्टर ह्यू स्मिथ यांनी १७७० साली मुख्यतः कथलाच्या मिश्रधातूचं, कॉफीच्या किटलीसारखं दिसणारं एक दूधपात्र तयार केलं. त्याच्या लांब तोटीच्या टोकावर कापड बांधायचं आणि बाळाने ते चोखायचं. त्या काळी तोटीला कापड, स्पंज किंवा चामडं बांधण्याची पद्धत सर्रास होती. काही ठिकाणी गायीच्या सडाची कमावलेली कातडीही वापरत. दुधात भिजलेलं कापड किंवा चामडं काही तासांत आंबतं, हे तेव्हाही नाकाला कळत होतं. त्यामुळे बाळ आजारी का पडतं, हे मात्र कळायला अजून शंभर वर्षं जायची होती.

जी धुताच येत नव्हती ती बाटली

१८४५ साली अमेरिकेत एलिजा प्रॅट यांनी रबरी निपलचं पेटंट घेतलं. १८६० नंतर इंग्लंडमध्ये आणि युरोपात एका नव्या बाटलीने बाजार काबीज केला. चपट्या काचेच्या बाटलीला बूच, बुचातून आत गेलेली काचेची नळी, बाहेर हातभर लांब रबरी नळी आणि टोकाला निपल. राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं देऊन या बाटल्या विकल्या जात. त्यांचा मोठा गुण म्हणून सांगितलं जाई की बाळ पाळण्यात पडल्या पडल्या स्वतःच दूध ओढू शकतं, कुणी धरून बसायला नको. गिरणीत कामाला जाणाऱ्या आईला आणि घरात चार मुलं सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणीला ही सोय किती मोलाची वाटली असेल!

अडचण एकच होती. ती नळी आतून घासताच येत नव्हती. दूध नळीच्या भिंतीला चिकटायचं, नासायचं, त्यावर नवं दूध यायचं. आपण आज ज्याला जंतूंचा बुळबुळीत थर म्हणतो, तो त्या अंधाऱ्या उबदार नळीत दिवसेंदिवस वाढायचा. नुसतं पाणी ओतून असा थर निघत नाही. तो घासूनच काढावा लागतो.

याच काळात, १८६१ साली, इझाबेला बीटन यांचं गृहव्यवस्थापनावरचं गाजलेलं पुस्तक निघालं. त्यात बाळाच्या बाटलीविषयीही सूचना आहेत. बाटली रोज धुवावी, वापरण्याआधी आणि नंतर विसळावी, निपलमधून कोमट पाणी दाबून काढावं म्हणजे अडकलेले कण आंबणार नाहीत, इतकं सगळं त्या बजावतात. पण त्याच सूचनांमध्ये असंही आहे की निपल एकदा नीट बसवलं की नवं लावेपर्यंत काढायची गरज नाही. एक निपल पंधरा दिवस चालतं, जपून वापरलं तर कित्येक आठवडे. आज वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळातल्या एका काळजीवाहू, शिकलेल्या गृहिणीचा हा सल्ला होता. निपल आणि बाटली यांच्या सांध्यात काय साठतं, हे कुणाला दिसतच नव्हतं.

ते दिसायला लागलं जंतूशास्त्रामुळे. १८५७ साली लुई पाश्चर यांनी दूध आंबण्यामागे सूक्ष्मजीव असतात हे मांडलं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत डॉक्टरांचं लक्ष बाटलीकडे वळलं. दर उन्हाळ्यात जुलाबांनी बाळं दगावायची, आणि त्यात आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा बाटलीवरची बाळं कितीतरी जास्त असायची. १९०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे दीडशे बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच जात होती. नळीच्या बाटलीला लोक "खुनी बाटली" म्हणू लागले. फ्रान्सने १९१० साली खास कायदा करून नळीच्या बाटल्यांच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी घातली. बाळाच्या दूधपात्राची रचनाच धोकादायक ठरवून ते बाजारातून काढून टाकण्याचं हे ठळक उदाहरण.

यावर उपाय निघाला तो अगदी साधा होता. १८९४ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या विल्यम डेकर या डॉक्टरांनी रुंद तोंडाची, सरळ भिंतीची बाटली काढली. हात किंवा ब्रश आत घालून ती तळापर्यंत घासता यायची. १९०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये होडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना उघडी बाटली आली. तिच्यात एका बाजूने पाणी सोडलं की दुसऱ्या बाजूने बाहेर. आज दुकानात दिसणाऱ्या रुंद तोंडाच्या बाटल्या याच विचाराच्या वारस आहेत.

या प्रकरणातून पहिला नियम घ्या: जे आतून दिसत नाही आणि घासता येत नाही, ते पुन्हा वापरायचं नाही. बाटलीच्या आत खाली लोंबणारी स्ट्रॉ, हवा जाण्यासाठी बसवलेले बारीक भाग, पंपाच्या अरुंद नळ्या हे सगळं या नियमात येतं.

रिकामी बाटली परत घेणारे दूधकेंद्र

पुनर्वापर मुळातच वाईट, असा याचा अर्थ नाही. त्याच काळात पुनर्वापराचा एक फार सुंदर प्रयोगही झाला.

१८८६ साली म्युनिकच्या फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी सुचवलं की बाळाचं दिवसभराचं दूध लहान लहान बाटल्यांत भरून, त्या बाटल्या एकत्र तापवून ठेवाव्यात. मग १८९४ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या फेकां या गावी डॉ. लेऑ दुफूर यांनी एक केंद्र सुरू केलं. नाव होतं "दुधाचा थेंब". ज्या आईला अंगावर पाजणं शक्य नाही तिला रोज एक टोपली मिळायची. तिच्यात बाळाला दिवसभरात जितक्या वेळा दूध लागेल तितक्या बाटल्या, प्रत्येकीत एका वेळेपुरतं तापवून बंद केलेलं दूध. आईने बाटली उघडून निपल लावायचं आणि पाजायचं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्या केंद्रात परत. तिथे त्या धुतल्या जायच्या, निर्जंतुक केल्या जायच्या आणि पुन्हा भरल्या जायच्या. शिवाय बाळांचं नियमित वजन व्हायचं आणि अंगावर पाजायला उत्तेजन दिलं जायचं.

१८९९ साली इंग्लंडमध्ये सेंट हेलन्स या गावाने याच धर्तीवर केंद्र उघडलं. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्रॉस यांनी १८९३ पासूनच पाश्चरीकरण केलेल्या दुधाची केंद्रं चालवली होती.

इथे एकच बाटली वेगवेगळ्या बाळांकडे जात होती, तरी ती सुरक्षित होती. कारण धुण्याची जबाबदारी एका खोलीत राहणाऱ्या, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या आईवर टाकलेली नव्हती. ज्यांच्याकडे वाफ, भट्टी आणि नेमलेली माणसं होती, त्यांनी ती उचलली होती. आपल्याकडे १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. तिथल्यासारख्या दूधपेढ्यांतही हेच तत्त्व आहे. दान आलेल्या दुधाचं पाश्चरीकरण होतं आणि दुधाची भांडी निर्जंतुक करूनच वापरली जातात.

दुसरा नियम: बाटली एका बाळाकडून दुसऱ्याकडे जायची असेल तर मध्ये खरंखुरं निर्जंतुकीकरण हवं. "स्वच्छ दिसते" हे पुरेसं नाही.

पुण्यातला धडा: भांडं कशाचं आहे?

आतापर्यंत जंतूंची गोष्ट झाली. भांडं जंतुविरहित असूनही बाळाला अपाय करू शकतं, हे जगाला दाखवून देण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे.

विसाव्या शतकात भारतात लहान मुलांच्या यकृताचा एक भयंकर आजार दिसायचा. साधारण वर्ष-दोन वर्षांचं मूल, पोट फुगलेलं, यकृत टणक, नंतर कावीळ आणि बहुतेकांचा मृत्यू. अशा मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण प्रचंड वाढलेलं असायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात या मुलांच्या आहाराचा माग काढला. या बाळांना लवकर वरचं दूध सुरू झालेलं होतं, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यात तापवून ठेवलं जात होतं. तांबं दुधातल्या प्रथिनाला चिकटतं आणि दुधाबरोबर बाळाच्या पोटात जातं. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं बाहेर टाकतं, तान्ह्या बाळाच्या यकृताला ते जमत नाही.

घराघरांतून पितळेच्या पातेल्यांची जागा स्टीलने घेतली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आज तरुण बालरोगतज्ज्ञांना तो पुस्तकातच वाचायला मिळतो. एक भांडं वापरातून काढल्याने एक आजार गेला, अशी उदाहरणं वैद्यकात फार थोडी आहेत.

म्हणून घरात पणजीचं पितळी बोंडलं असेल तर ते घासूनपुसून काचेच्या कपाटात ठेवा. आठवण म्हणून ते अनमोल आहे, पण बाळाला त्यातून दूध पाजू नका. बोंडलं हवंच असेल तर स्टीलचं घ्या.

काचेकडून प्लॅस्टिककडे

काचेची बाटली फुटायची, जड असायची. १९५३ साली पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक, कडक प्लॅस्टिक शोधलं गेलं. पुढच्या दशकांत बाळाच्या बाटल्या त्याच्या होऊ लागल्या. दिसायला काचेसारख्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या. पण हे प्लॅस्टिक बनवताना बिस्फेनॉल-ए नावाचं रसायन वापरतात. ते शरीरातल्या स्त्री-संप्रेरकासारखं काम करू शकतं, हे लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३० च्या दशकातच दाखवलं होतं. बाटली गरम केली, वारंवार उकळली, तिला चरे पडले की हे रसायन थोड्या प्रमाणात दुधात उतरतं.

२००८ साली कॅनडाने अशा दूधबाटल्यांवर बंदी आणण्याचं जाहीर केलं. २०११ मध्ये युरोपीय संघाने बंदी घातली, २०१२ मध्ये अमेरिकेने. भारतीय मानक ब्युरोने २०१५ च्या मानकात दूधबाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेट वापरण्यास मनाई केली. म्हणजे माळ्यावरची बाटली २०१५ च्या आधीची असेल, कडक आणि काचेसारखी पारदर्शक असेल, तर ती पॉलिकार्बोनेटची असण्याची बरीच शक्यता आहे. ती कितीही चांगली दिसत असली तरी बाळासाठी वापरू नका.

बाटलीच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात एक आकडा असतो. प्लॅस्टिक ओळखण्याची ही पद्धत १९८८ साली अमेरिकेत सुरू झाली, ती मुख्यतः कचरा वेगळा करणाऱ्यांसाठी. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आजच्या बहुतेक दुधी रंगाच्या बाटल्या याच्याच. ७ म्हणजे "इतर". त्यात पॉलिकार्बोनेटही येतं आणि काही नवी, बिस्फेनॉल-ए नसलेली प्लॅस्टिकंही येतात. त्यामुळे ७ दिसला म्हणजे वाईटच असं नाही, पण जुन्या बाटलीवर ७ असेल तर धोका पत्करू नका.

पॉलिप्रॉपिलीनचीही एक बाजू २०२० साली समोर आली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना आढळलं की अशा बाटलीत गरम पाण्याने दूध बनवून हलवलं तर एका लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सुटू शकतात. त्याने बाळाला नेमका काय अपाय होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका. त्यांनी सुचवलेला उपाय सोपा आहे. दूध स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात बनवा, कोमट झालं की बाटलीत ओता. निर्जंतुक केलेली बाटली गार झाल्यावर, स्टीलच्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा विसळा. प्लॅस्टिकच्या बाटलीत दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका.

तिसरा नियम यातून निघतो: उष्णता आणि चरे यांनी बाटलीचं वय वाढतं. चरे पडलेली, रंग बदललेली, वास येणारी बाटली निवृत्त करा.

दान दिलेली बाटली

आता सर्वांत नाजूक भाग. आपल्याला नको असलेली बाटली गरजू आईला द्यावी का?

१९३९ साली सिंगापूरमध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसेली विल्यम्स यांनी तिथल्या रोटरी क्लबमध्ये एक भाषण केलं. त्याचं शीर्षकच "दूध आणि खून" असं होतं. गरीब घरांतल्या आयांना डब्यातलं दूध आणि बाटली यांची भुरळ घालणं म्हणजे बाळांचे जीव घेणं आहे, असं त्यांनी श्रोत्यांना थेट सुनावलं. स्वच्छ पाणी नाही, इंधन नाही, पावडर महाग म्हणून पातळ केलेली, अशा घरात बाटली गेली की जुलाब आणि कुपोषण तिच्या मागोमाग येतं.

या विषयावर पुढे चाळीस वर्षं जगभर वाद झाले. पापुआ न्यू गिनीने १९७७ साली कायदाच केला की दूधबाटली आणि निपल फक्त चिठ्ठीवर, औषधासारखं मिळेल. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीबाबतची आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. भारतात १९९२ साली कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला. या कायद्यात दूधबाटलीच्या व्याख्येतच निपलही येतं. जाहिरातीला, फुकट नमुन्यांना बंदी आहे. आणि कलम ५ प्रमाणे अनाथालय वगळता इतर कुणाला दूधबाटल्या किंवा बाळाच्या दुधाची पावडर दान करता किंवा वाटता येत नाही. कायद्याचा मूळ रोख कंपन्यांच्या फुकट वाटपावर होता, पण त्यामागचा विचार आपल्यालाही लागू पडतो.

तो विचार किती खरा आहे, हे २००६ साली इंडोनेशियात दिसलं. योग्याकार्ता भागात मोठा भूकंप झाला आणि मदत म्हणून बाळांच्या दुधाची पावडर मोठ्या प्रमाणावर वाटली गेली. नंतरच्या पाहणीत, ज्या दोन वर्षांखालच्या मुलांना ही दान आलेली पावडर मिळाली होती त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण सुमारे २५ टक्के होतं. ज्यांना मिळाली नव्हती त्यांच्यात सुमारे १२ टक्के. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

आपल्याकडे पूर येतो, दरड कोसळते, तेव्हा सोसायट्यांमधून मदतीचे ट्रक भरले जातात. त्यात जुन्या बाटल्या आणि उरलेली पावडर घालू नका. त्याऐवजी पिण्याचं पाणी, साबण, आईसाठी खाणं, स्टीलची वाटी-चमचा पाठवा. घरकाम करणाऱ्या मावशींच्या सुनेलाही हेच द्या. बाळंतिणीला पौष्टिक खाऊ घातलं आणि थोडी विश्रांती मिळू दिली, तर ती मदत बाळापर्यंत नक्की पोचते.

मग या वस्तूंचं करायचं काय?

इतका इतिहास पाहिल्यावर उत्तरं सोपी आहेत.

*निपल आणि चोखणी:* एका बाळाची दुसऱ्याला कधीही नाही. त्याच बाळासाठीही साधारण दोन-तीन महिन्यांनी बदला. चिकट झालं, फुगलं, चीर गेली, भोक मोठं झालं तर लगेच. टाकताना कात्रीने कापा, म्हणजे कचऱ्यातून उचलून कुणी पुन्हा वापरणार नाही. तुकडे कागदात गुंडाळून टाका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. सिलिकॉन आणि रबर प्लॅस्टिकबरोबर वितळवता येत नाही, त्यामुळे ते भंगारवाल्याच्या कामाचं नाही. सुक्या कचऱ्यात टाका.

*प्लॅस्टिकची बाटली:* निपल, कडी, झाकण वेगळं करा. साबणाने धुऊन कोरडी करा. दुधाचा साका राहिलेली बाटली इतर सुका कचराही खराब करते. मग सुक्या कचऱ्यात किंवा भंगारात. देण्याआधी बाटलीला मोठं भोक पाडा. कडधान्यं, बटणं भरायला घरात वापरायची असेल तर खुशाल वापरा, पण त्यात पुन्हा दूध नको.

*काचेची बाटली:* तडा किंवा कपची नसेल तर घासून, उकळत्या पाण्यात किमान पाच मिनिटं ठेवून, नवं निपल लावून धाकट्या भावंडाला चालेल. उष्णता सोसणाऱ्या बाटल्यांची काच साध्या बाटल्यांच्या काचेबरोबर वितळत नाही, म्हणून भंगारवाल्याला ती वेगळी द्या आणि तसं सांगा. फुटलेली असेल तर जाड कागदात बांधून, वर "काच" असं लिहून टाका. कचरा उचलणाऱ्यांचे हात कापतात.

*स्टीलची बाटली, वाटी, बोंडलं:* सगळ्यांत टिकाऊ. उकळून पुढच्या बाळाला नक्की वापरा. नको असेल तर भंगारात चांगली किंमत मिळते आणि स्टील पुन्हा पुन्हा वितळवता येतं.

*पावडरचा डबा:* पत्र्याचा डबा धुऊन डाळ-तांदळाला वापरा किंवा भंगारात द्या. देताना लेबल फाडून टाका, म्हणजे त्यात दुसरंच काही भरून कुणी विकणार नाही. मुदत संपलेली किंवा उघडून फार दिवस झालेली पावडर ओल्या कचऱ्यात टाका. "फेकवत नाही" म्हणून ती दुसऱ्या बाळाला देऊ नका.

*दूध काढायचा पंप:* घरगुती पंप एकाच आईसाठी असतो. २०१६ साली अमेरिकेत एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नीट स्वच्छ न केलेल्या पंपातून गंभीर जंतुसंसर्ग झाल्याचं आढळलं. मोटारीपर्यंत दूध जाऊ शकतं आणि तिथे आपला ब्रश पोचत नाही. म्हणजे पुन्हा तीच नळीच्या बाटलीची गोष्ट! पंप आणि बाटली निर्जंतुक करायचं विजेचं यंत्र खराब झालं की ई-कचरा संकलन केंद्रात द्या. दूध साठवायच्या पिशव्या एकदाच वापरायच्या.

शेवटी एक गोष्ट. ज्या बाळाला आईचं दूध मिळतं त्याच्यामागे ना डबा राहतो, ना निपल, ना पिशवी. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हा सल्ला बाळाच्या तब्येतीसाठी आहे, पण कचऱ्याचा हिशेबही त्याच बाजूने लागतो. काही आयांना ते शक्य होत नाही. त्यात त्यांचा दोष नसतो आणि कुणी त्यांना बोल लावू नयेत. त्यांच्यासाठी वाटी-चमचा किंवा बोंडलं हा पहिला पर्याय, बाटली त्यानंतर. आणि बाटली वापरलीच तर तिचं काम संपल्यावर ती दुसऱ्या बाळाच्या तोंडाशी जाणार नाही, एवढी काळजी आपण घ्यायची. घरात असं काही सामान असेल आणि ते ठेवावं की टाकावं कळत नसेल, तर पुढच्या लसीकरणाला येताना बरोबर घेऊन या. तुमच्या डॉक्टरांना ते पाहून लगेच सांगता येईल.